अळणी पोपटी

पौष लागला की आमच्या कडावच्या शिवारात संध्याकाळचे ठिकठिकाणी धूर दिसू लागतात. भात कापून झालेलं असतं, त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल वाढलेला असतो आणि शेंगा भरल्या की लहानथोर सगळ्यांनाच पोपटीचे वेध लागतात. परवा कर्जतहून शाळा सुटल्यावर घरी येत होतो, तर एका बांधावरून हाक आली, "मास्तर, या की! मडकं आताच उघडतोय." मी गेलो. भांबुर्डीच्या पाल्याचा तो उग्र, थोडासा ओव्यासारखा वास नाकात शिरला. कोणीतरी गोणपाटावर वाफाळत्या शेंगा ओतल्या, मी एक सोलून दाणे तोंडात टाकले. शेंगा उत्तम होत्या. मीठ बेताचं होतं आणि दाण्यापर्यंत मुरलं होतं. त्या घरच्या म्हाताऱ्यानं कौतुकानं विचारलं, "कशी झालीय?" ठसका लागल्याचं सोंग करून मी तोंड फिरवलं.

पोपटी काय असते हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण घाटावरचा माणूस हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला दाबायचा, वर वालाच्या कोवळ्या भरल्या शेंगा, मध्ये ओवा आणि जाडं मीठ, हवी तर चार अंडी, पुन्हा पाला. तोंड पाल्यानंच गच्च बंद करून मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंबही आत घालत नाहीत. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात आणि मीठ त्यांच्या अंगात उतरतं. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झालं. यात चुकायला तशी फार जागा नाही. आमच्या घरानं मात्र एका वर्षी ती जागा शोधून काढली.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमच्या दोघांच्या वयात बरंच अंतर. वडील लवकर गेले, म्हणून शेती त्यानं सांभाळली आणि शाळा मी शिकलो. माणूस हसरा, आवाज खणखणीत, चालणं असं की बांधावरून निघाला तर मागच्यानं धावायचं. लोक त्याला खवय्या म्हणत, पण ते तितकंसं खरं नव्हतं. त्याला खाण्यापेक्षा दुसऱ्याचं खाणं बघण्याची हौस. पंगतीत तो शेवटी बसायचा. आधी वाढत फिरणार, बिरड्याची वाटी तुमच्या पानात उपडी करणार, आणि मग समोर उकिडवा बसून विचारणार, "कसं झालंय?" नुसतं 'छान' म्हटलेलं त्याला चालत नसे. "छान काय, छान तर पाव्हण्याचा जावईसुद्धा असतो. नीट सांग." मग सांगावं लागे, की वाल बोटचेपे झालेत, मोडले नाहीत, गूळ जरा पुढे आलाय, पण आमसुलानं सांभाळून घेतलंय. तो डोळे मिटून ऐकायचा. वहिनी आतून म्हणायच्या, "स्वैपाक मी करते आणि परीक्षा हे घेतात." पण त्या दाराआड उभ्या राहून ऐकत असत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी भाताच्या कापणीला तो बांधावरून चालता चालता मध्येच थांबला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "काही नाही रे, ढाकचा डोंगर बघतोय." ढाकचा डोंगर त्यानं जन्मापासून बघितलेला. पण त्यानंतर तो फार वेळा डोंगर बघू लागला. विहिरीवर जाताना चिंचेखाली थांबून बघायचा, गोठ्याकडे जाताना बघायचा, शेवटी पडवीतून अंगणात उतरताना खांबाला धरून बघू लागला, जिथून डोंगर दिसतही नाही. माणूस खंगतो म्हणजे काय होतं, हे मी त्या दोन-तीन महिन्यांत पाहिलं. आधी त्याचं शेत गेलं, मग विहीर गेली, मग अंगण. ती सगळी होती तिथंच होती, फक्त त्याच्यापासून लांब जात होती.

वहाणा पायात शिरेनात. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. अण्णा तो गमतीनं दाखवायचा. हात मात्र काटकुळे झाले, बोटातली अंगठी दोरा गुंडाळून ठेवावी लागली. धोतर नेसताना एक निरी खोचून दम खायचा आणि मग दुसरी. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणे, म्हणून माजघरात भाताची पोती रचून त्यांना टेकून तो बसल्या बसल्या झोपायचा. भिवपुरीचं वीजघर तेव्हा सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याचं सगळ्यांनाच मोठं अप्रूप होतं. अण्णा म्हणाला, "डोंगरावरचं पाणी नळातून खाली आणून वीज करतात म्हणे. माझ्याही पायात एवढं पाणी उतरलंय, एखादा दिवा लागतोय का बघ." हे वाक्य त्याला दोन श्वासांत म्हणावं लागलं, पण म्हटल्याशिवाय राहिला नाही.

समाचाराला येणारे बसायचे आणि त्याच्या देखत त्याच्याबद्दल आम्हालाच विचारायचे. "झोप लागते का त्यांना? जेवतात का?" अण्णा तिथंच बसलेला असे. एकदा तो म्हणाला, "काका, जिवंत आहे मी, मलाच विचारा." काका ओशाळले, हसले आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलतात मात्र अजून छान."

कर्जतच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे धरून ताप आला होता का?" आला होता. मी तेव्हा अगदीच लहान होतो, पण घरात ती गोष्ट शंभरदा सांगितली गेली होती. अण्णा तापानं अंथरुणाला खिळला होता, गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते, आणि आमच्या आईनं अळणी धरली होती. तो उठून चालेपर्यंत मिठाचा कण तोंडात घालायचा नाही, असं देवापुढं बोलून. तो उठला. आमच्या घरात अशी रीत, की ज्याच्यासाठी अळणी धरली त्यानं आपल्या हातानं पानात मीठ वाढलं म्हणजे ती सुटते. अण्णानं आईच्या पानात मीठ वाढलं, ते मूठभर वाढलं, आणि आईनं रडत रडत ते सगळं भातात कालवून खाल्लं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप तेव्हाच अधू झाली, इतकी वर्षं त्यानं कसंबसं ओढलं, आता थकलं. थेंबांचं औषध दिलं, दूध घ्या म्हणाले, हालचाल कमी आणि मीठ बंद. खालापूरचे वैद्यही येऊन गेले, त्यांनीही मीठच बंद केलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे मिठावर मात्र एक झाले, त्यामुळे आमच्या घरात ते ब्रह्मवाक्य ठरलं.

आणि ते बरोबरच होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी डॉक्टरांना किंवा वैद्यांना बोल लावू नये. मीठ बंद केल्यावर आठ-पंधरा दिवसांत सूज थोडी ओसरली, खोकला कमी झाला. अण्णानंही कुरकुर केली नाही. पहिल्या दिवशी अळणी भात-आमटीचा घास घेऊन तो म्हणाला, "आमटी आपली आपल्याला ओळखत नाही," आणि गप जेवला. त्याचं पान आमच्याच पंगतीत मांडलेलं असे. तो आपलं अळणी चिवडत आमच्याकडे बघायचा, आणि मग हळूच, "कसं झालंय रे बिरडं?" मी सांगायचो. सुकटीची चटणी असली तर तिचंही सांगायचो, कांदा किती, तिखट किती, कुठं झोंबतंय. तो मान डोलवायचा, आणि आमच्या बोलण्याबरोबर त्याच्या पानातला भातही संपायचा. चालणं गेलं होतं, झोप गेली होती, हे एक राहिलं होतं.

वहिनींना ते बघवेना. त्यांना वाटलं, आपण चवीनं जेवतो आणि हे समोर बसून तोंडाकडे बघतात. त्यात त्यांना सुख मिळत असेल, हे वहिनींच्या मनाला शिवलंसुद्धा नाही, आणि कोणत्या बायकोच्या शिवलं असतं? एका सोमवारी त्यांनी न्हाऊन देवापुढं हात जोडले आणि अळणी धरली. यांच्या पायांची सूज उतरेपर्यंत मीठ खाणार नाही. सासूनं धरली होती आणि गुण आला होता, मग शंका घ्यायला जागा कुठं होती? नुसती स्वतःपुरती धरून त्या थांबल्या नाहीत. मिठाची बरणीच घराबाहेर गेली. "जे त्यांच्या पानात, तेच सगळ्यांच्या," त्या म्हणाल्या. माझी बायको, मुलं, मी, सगळे अळणी. गावात नाव झालं. बाया हळदीकुंकवाला आल्या की वहिनींच्या पाया पडत. मीही त्या वेळी मनात म्हटलं, बाईचं काळीज बघा.

अण्णा त्या दिवशी जेवताना नेहमीसारखा विचारायला गेला, "कसं झाल..." आणि त्याच्या ध्यानात आलं. आम्ही सगळे अळणी आमटी ओरपत खाली बघत होतो. मुलगा माझा लहान, तो म्हणाला, "बाबा, हे औषध आहे का?" अण्णानं हात धुतले. नंतर तो पंगतीला येईनासा झाला. पोत्यांशीच पान मागवायचा आणि निम्मं टाकायचा. घरात जेवणाच्या वेळी आवाज म्हणून राहिला नाही, ताटं तेवढी वाजायची. काय बोलणार? अळणी जेवणाचं वर्णन करता येत नाही.

मी चोर. शाळेच्या मधल्या सुट्टीत कर्जतच्या बाजारात चहाच्या दुकानात मी शेव खायचो, तोंड पुसून घरी यायचो आणि शहाजोगपणे अळणी भात खायचो. एकदा अण्णाजवळ बसलो तर त्यानं नाक फुगवलं. "शेव खाल्लीस ना?" मी पुन्हा तोंड पुसलं. "अरे, मी कोणाला सांगत नाही. कशी होती?" मी दाराकडे बघत हळू आवाजात सांगितलं, की तेल जरा जुनं होतं, पण तिखट चांगलं, जाड शेव, हिंग लावलेली. अण्णा डोळे मिटून ऐकत होता. "मीठ?" त्यानं विचारलं. "जास्त," मी म्हटलं. "जास्तच हवं शेवेला," तो म्हणाला आणि पोत्याला डोकं टेकून हसला. मग रोज संध्याकाळी मी त्याला काहीतरी सांगायला आणायचो. खायची इच्छा नसली तरी खाऊन यायचो.

अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "बापू, मी डॉक्टरांना विचारलं होतं. तू त्यांना गाडीकडे पोचवायला गेलास ना, त्याच्या आधी. ही सूज कमीजास्त होईल, जाणार नाही, म्हणाले. मी जाईन, सूज नाही जायची."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो. त्यानं हातानं थांबवलं. बोलायला त्याच्याकडे श्वास थोडा असे, तो समजुतीत घालवायला त्याला आवडत नसे.

"तिनं काय बोललंय देवापुढं? सूज उतरेपर्यंत. आणि सूज उतरणार नाही. म्हणजे काय होईल, कळतंय का? ती जन्मभर अळणी खाणार. ती काही सोडणारी बाई नाही." तो थांबला, दम घेतला. "माझ्या पानातलं मीठ दुखण्यानं नेलं, ते समजू शकतो मी. तुमच्या पानातलं मी नेलं असं मला दिसतंय, रोज दोन्ही वेळा. सोड म्हणून तिला सांगितलं, तर म्हणते असलं अभद्र बोलू नका."

"मग काय करायचं?"

"चिमूटभर जाडं मीठ आण कर्जतहून, कागदात बांधून."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो वैतागला. "मला नको रे! माझ्या हातानं तिच्या पानात वाढायचंय. मी असेतो. नंतर वाढायला कोण येणार?"

वालाच्या शेंगा भरल्या होत्या. अण्णानं हट्ट धरला की या वर्षी पोपटीला शेतावर जायचंच. वहिनी नको नको म्हणत होत्या, थंडी आहे, डॉक्टरांनी हालचाल नको सांगितलंय. तो म्हणाला, "हालचाल गोमा करील, मी नुसता बसेन. आणि हे बघ, घरात तुझं व्रत चालू दे, शेतावर तरी नको." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यानं ते होकार म्हणून घेतलं. त्याला होकार हवा होता.

गोमा ठाकूर आमच्या वरच्या शेताची राखण करायचा, डोंगराकडच्या वाडीत राहायचा. अण्णाच्या वयाचा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं आणि त्याच्या भावानं खुर्चीच्या दोन बाजूंना बांबू बांधले आणि अण्णाला उचललं. दोन पावलं गेल्यावर गोमा म्हणाला, "अण्णा, तुजा भार काय नाय रं ऱ्हायला. पाय तेवढं जड हायेत."

"पाय तूच ठेव, गोमा," अण्णा म्हणाला, "मला परत नको देऊस." गोमा खो खो हसला आणि खुर्ची डुगडुगली, वहिनी मागून ओरडल्या. कितीतरी दिवसांनी आमच्या माणसांचा असा मोठा आवाज झाला होता.

दिवस कलला होता. वालाच्या वेलांवर अजून जांभळट फुलं होती, शेतात तो हिरवट, कडसर वास भरून राहिला होता. अण्णाला बांधाजवळ घोंगडी पांघरून बसवलं. तो जणू महिन्यांनी तोंड धुतल्यासारखा दिसत होता. मडकं वहिनींनीच भरलं, आमच्याकडे पाठ करून. गोमानं मडकं उपडं घातलं, पेंढा रचला, पेटवला. जाळाच्या उजेडात अण्णाची सुजलेली पावलं सुद्धा बरी दिसत होती. मुलं शेकत होती, गोमाची बायको गाणं गुणगुणत होती. मीठ माझ्या खिशातून अण्णाच्या कनवटीला केव्हाच गेलं होतं. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, मडकं काठीनं ओढून शेंगा ओतल्या. वाफ अण्णाकडे गेली, त्यानं ती छातीभर घेतली आणि खोकला.

पहिली शेंग गोमानं सोलली. दाणे चावले, थांबला, पुन्हा चावले.

"वयनी," तो म्हणाला, "मीठ घालाया इसरलीस काय गं?"

माझ्या मुलानं हातातली शेंग हळूच खाली ठेवली. वहिनी जाळाकडे बघत म्हणाल्या, "नाही विसरले."

अण्णानं कनवट चाचपली. मग म्हणाला, "अगं, जवळ ये इकडे."

त्या आल्या, खुर्चीपाशी खाली बसल्या. अण्णानं एक शेंग घेतली आणि स्वतः सोलायला लागला. मी पुढे झालो तर त्यानं डोळ्यांनीच मला बसवलं. त्याच्या बोटांना ती शीर काढता येत नव्हती, ती निसटे आणि तो पुन्हा धरे. शेवटी दाणे त्याच्या तळहातावर आले. कनवटीचा कागद सोडून त्यानं मिठाचे खडे बोटांत चुरले आणि दाण्यांवर टाकले. मग हात तिच्यापुढे धरला.

"घे."

वहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "आधी सूज उतरू दे. मग तुमच्या हातानं पोतंभर वाढा."

"मी वाढतोय ना? माझ्यासाठी धरलीस, मीच सोडवतोय. घे."

"नाही."

"अगं, सगळ्यांसमोर हात पसरलाय मी."

त्यांना रडू फुटलं. "सोडली आणि तुम्हाला काही झालं, तर मी काय करू? सांगा ना, मी काय करू?"

अण्णा हात तसाच धरून बसला. मला वाटलं, आता घेतील, आता घेतील. गोमाची बायकोही म्हणाली, "घे गं बाय, दादला देतो तर घे." वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या, खांदे हलत होते. हात तसा धरून ठेवायचं बळ अण्णात कुठं होतं? तो हळूहळू खाली आला आणि मांडीवर टेकला. दाणे घोंगडीवर सांडले.

"चला," तो म्हणाला, "थंडी वाजतेय."

उरलेल्या शेंगा गोमानं पाटीत भरून वाडीवर नेल्या. तिथं मीठ लावून खाल्ल्या असतील.

त्यानंतर अण्णानं कुणालाच काही विचारलं नाही. मी संध्याकाळी कर्जतच्या भज्यांचं सांगू लागलो की तो ऐकायचा, पण मध्येच म्हणायचा, "राहू दे, बापू." औषध दिलं की घ्यायचा, दूध दिलं की प्यायचा. वहिनी त्याचे पाय चोळत बसत आणि रोज अंगठा दाबून बघत, खड्डा किती खोल पडतोय. वाल सुकून झोडणीला आले, त्या दिवसांत तो गेला. पोत्यांना टेकूनच. पाय तसेच सुजलेले होते.

दिवसकार्य झाल्यावर भटजी म्हणाले, आता अळणी सोडायला हरकत नाही, पाणी सोडा आणि मोकळ्या व्हा. शेजारणींनीही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "ज्यांनी वाढायचं ते गेले." तो विषय तिथंच संपला. काही दिवसांनी त्यांनीच मिठाची बरणी परत आणली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुम्ही घाला मीठ, मुलं आहेत." तेव्हापासून आमच्या घरात आमटी उकळली की त्या आपली वाटी आधी काढून घेतात, मग मीठ पडतं. पुढे मिठावरून सगळ्या देशात रान उठलं, माणसं तुरुंगात गेली. मी पडवीत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतो. वहिनींनी विचारलं, "एवढी माणसं मिठासाठी?" आणि त्या उठून आत गेल्या.

मी पुष्कळदा विचार करतो, की आमचं चुकलं काय. माया कमी होती असं तर कुणी म्हणणार नाही. उलट सगळं घर त्याच्या दुखण्यात राहायला गेलं, हेच झालं असावं. आजारी माणसाला आपल्या आजाराचा कंटाळा येतो. त्याला वाटतं, निदान शेजारच्या पानात तरी तो नसावा, डोकं वर काढून बघायला तेवढी जागा असावी. अण्णाच्या वाट्याला दिवस थोडेच होते आणि ते वाढवणं आमच्या हातात नव्हतं. त्या दिवसांत तो काय बघेल, काय ऐकेल, एवढं हातात होतं. आम्ही त्याला शांत घर दिलं आणि आमची खाली घातलेली तोंडं दाखवली. याचं वाईट वाटतं, आणि दर पौषात नव्यानं वाटतं.

परवा त्या बांधावरून घरी आलो तर वहिनी पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांचे केस आता पूर्ण पांढरे झाले आहेत. माझ्या कपड्यांना धुराचा आणि भांबुर्डीचा वास येत असणार. त्यांनी वर पाहिलं, पण खाऊन आलात का असं काही विचारलं नाही. मीही जवळ बसून चार वाल सोलू लागलो.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही शिकलेले आहात. एक खरं सांगा. त्या दिवशी मी त्यांच्या हातचं मीठ खाल्लं असतं, तर ते आधी गेले असते का हो?"

एवढ्या वर्षांत त्यांनी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही, वहिनी."

"आणि खाल्लं नाही, म्हणून चार दिवस जास्त राहिले असतील?"

हो म्हणावं असं मला फार वाटलं. त्यांची सगळी वर्षं त्या एका शब्दावर उभी होती. पण त्यांनी खरं सांगा म्हटलं होतं, आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "नाही. तसंही नाही."

त्यांनी मान हलवली. बोटांतल्या वालाचं साल निघालं होतं, तरी त्या तो चोळत राहिल्या.

"हात किती वेळ धरला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. "भरून आला असेल हो. मी घेतलं असतं, तर खाली तरी ठेवता आला असता."